तिला ‘या’ म्हणायचं राहिलं होतं

डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला तसं मला बाकी सगळं दिसेनासं झालं आणि ती मात्र दिसायला लागली. ही आमची हर्सूलची देवीच, असं मी मनाशी धरलं होतं. खरं होतं का खोटं, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आज तरी कुठं आहे? घडलं तसं सांगते. कुणाला पटवायची मला हौस नाही.

पहिल्यांदा दिसली ती भर दुपारी. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. मागच्या दाराशी आमची एक प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यात हिरवं लुगडं नेसलेली एक बाई माझ्याकडं पाठ करून बसलेली. डोक्यावरून पदर, तोंड दाराकडं. शेजारीण असेल म्हणून मी “कोण गं?” म्हटलं. तेवढ्यात माझी सून वैशाली वाळलेले कपडे घेऊन आली आणि तिनं ते त्याच खुर्चीत टाकले. कपडे त्या बाईच्या मांडीतून सरळ खाली गेले आणि ती तशीच बसून राहिली.

भीती वाटली ना, लई वाटली. आणि विचित्र असं, की तेव्हा मला वैशालीचं तोंडसुद्धा धड दिसत नव्हतं, नुसता डाग दिसायचा. पण त्या लुगड्याचा काठ मला धागा न् धागा दिसे. रोज यायची. कधी बोलली नाही, वळली नाही, तिचा श्वाससुद्धा कधी ऐकू आला नाही. हळूहळू भीती मेली. तिच्याविना दुपार गेली तर मलाच करमेना.

आता माझं खरं दुखणं सांगते. आमचे हे गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणं सुनेला यायचं, मला नाही. काही वर्षांमागं वैशालीच्या डोहाळजेवणात तिची ओटी भरायला मी शेजारणीला हाक मारली आणि स्वतः आत भांडी मोजत बसले. कुणी मला नको म्हटलं नव्हतं. पण कुणी ‘तुम्हीच भरा’ असंही म्हटलं नाही. मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. त्यामुळं ही हिरव्या लुगड्यातली माझ्या दारात येऊन बसली, तेव्हा मी ठरवलं की ही आपल्याच हातची ओटी घ्यायला आली आहे. शुक्रवारी मी तांदूळ, खण, नारळ घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. तिनं नको म्हटलं नाही. मला रडू फुटलं. मग दर शुक्रवारचा तो नेमच झाला. ओटी भरायची आणि म्हणायचं, “बसा हो माय, काय घाई आहे?”

एका शुक्रवारी वैशालीनं पाहिलं. सासू रिकाम्या खुर्चीत तांदूळ ओततेय, नारळ गडगडत मोरीपर्यंत गेलाय. ती बिचारी किंचाळली नाही. तिनं तांदूळ गोळा केले, माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला आरोग्य केंद्रातल्या डोळे तपासणीला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजवा आधी काढू म्हणाले आणि शहरातल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. साखर वाढली होती म्हणून तिथून एकदा परत यावं लागलं. वैशाली हिरमुसली. मला मात्र सुटल्यासारखं झालं.

कारण तिथल्या डॉक्टरणीनं मला सांगून टाकलं होतं. पोरगी गोड होती, बीडकडची असावी. वैशालीनं तिला खुर्चीतल्या बाईचं सांगितलं तर ती हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, “आजी, हे वेडबीड नाही बरं का. नजर अंधारली की मेंदू आपलीच चित्रं काढत बसतो. लई जणांना दिसतं असं. मोतीबिंदू निघाला की बहुतेक जाईल ती.”

बहुतेक जाईल ती! नजर पाहिजे होती मला. भिंत चाचपत मोरीला जायचा कंटाळा आला होता. पण त्यासाठी हिला घालवायची? माझ्या हातची ओटी घेणारी जगात ही एकच. देवी असली तर पाप आणि नसली तर माझं काय उरलं? साखर उतरेपर्यंत मी हेच घोकत होते.

शेवटी भरती झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं माझ्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली, म्हणजे कोणता डोळा ते चुकायला नको, आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातले. वैशाली चहा आणायला खाली गेली. थेंबांनी होतं नव्हतं तेही पुसट झालं, आणि त्या पांढुरक्या धुक्यात ती माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर येऊन बसली. दवाखान्यात! घर सोडून माझ्यामागं आली होती. माझ्याकडं पाठ, वॉर्डाच्या दाराकडं तोंड. मी चिकटपट्टी उपटायला लागले तशी सिस्टर ओरडली, “हात नक्को लगाओ अम्मा!”

“मला ऑपरेशन करायचं नाही. मला घरी सोडा,” मी म्हटलं. सिस्टर वैतागली आणि डॉक्टरणीला बोलवायला गेली.

पलीकडच्या खाटेवर फर्दापूरकडच्या गयाबाई होत्या. त्यांचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, पट्टी अजून सुटायची होती. मला त्यांचा नुसता आकार दिसत होता. त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्यापाशी बसल्यात त्या कोण? सून व्हय?”

“सून खाली गेलीय,” मी म्हटलं.

“मग पाहुण्या असतील. लई चुळबूळ चाललीय त्यांची. निघायचं असंल.” मग माझ्यावरच चिडल्यासारखं बोलल्या, “अहो, या म्हणा की त्यांना. तुम्ही या म्हणल्याबिगर बाई उठंल कशी?”

आपल्याकडं ओटी भरली म्हणजे काय असतं? ती निरोपाची असते. ओटी घेऊन बाई पदर सावरते, ‘येते’ म्हणते, घरची ‘या’ म्हणते, मगच ती उंबरा ओलांडते. मी इतक्या शुक्रवारी तिची ओटी भरली आणि प्रत्येक वेळी ‘बसा’ म्हणून तिला डांबून ठेवली. ती सदा दाराकडं तोंड करून बसायची ते माझ्यावर रुसून नव्हे. तिला जायचं होतं. अन् मी म्हणत होते, देवी माझ्याकडं राहायला आलीय!

मी हात जोडले. ओटीला काही नव्हतं जवळ. रडत रडत म्हटलं, “चुकलं माय. या आता. या.”

ती उठली. पदर सावरला. वळून पाहील असं वाटलं, पण नाही पाहिलं. धुक्यात हिरवा रंग विरळ होत गेला. डॉक्टरीण धावत आली तेव्हा मी डोळे पुसत होते. ती दरडावून म्हणाली, “आजी, डोळ्याला हात नाही लावायचा!” आणि मी म्हटलं, “चल बाई, कुठं चलायचं ते.”

तोंडावर कापड, डोळ्याशेजारी सुई, मग उजेडाचे गोळे आणि पाण्याचा आवाज. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मागायचं काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पट्टी सोडली आणि पहिलं दिसलं ते वैशालीचं तोंड. किती वाळली होती पोर! माझ्या पायी झोप नाही, धड जेवण नाही. मी तिच्या गालावरून हात फिरवत राहिले. मग गयाबाईंचे आभार मानायला वळले. त्यांना अजून ठेवून घेतलं होतं, पट्टी सुटलेली होती. पण आधी त्यांचा दुसरा डोळा दिसला. पांढराफेक होता, बुबुळच नाही.

“हा तर लहानपणीच गोवरात गेला,” त्या म्हणाल्या.

“मग काल सकाळी? या डोळ्यावर तर पट्टी होती. माझ्यापाशी बसलेली तुम्हाला दिसली कशी?”

“दिसंल कशी? मला तर सिस्टरबी दिसत नव्हती. बांगड्या वाजत व्हत्या की. तुम्ही या म्हणला अन् वाजत वाजत गेल्या दाराबाहेर.”

इतके महिने ती माझ्यासमोर बसली, मला कधी एक बांगडीसुद्धा ऐकू आली नव्हती.

डॉक्टरीण म्हणते ते खरं असेल, गयाबाई म्हणतात तेही खरं असेल. मी दोघींच्या पाया पडायला तयार आहे. दुसऱ्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात बोलावलंय, या वेळी नुसतं ‘चल’ म्हटलं की निघणार आहे. ती पुन्हा दिसली नाही, आणि मीही बोलावलं नाही. ज्याला आपण देव म्हणतो त्याला धरून ठेवायला गेलं की तो पाठ करून बसतो, एवढं मला कळलं. सोडून दिलं तेव्हा कुठं माझ्या घरातली माणसं मला दिसली. आता दिवा लावताना मी काही मागत नाही, बसा म्हणत नाही. एवढंच म्हणते, आलीस हेच लई झालं, माय.