पाण्याची भीती
तारकर्लीची सहल मी मोडली आणि दोष माझ्या तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या मुलीवर ढकलला. परवा दुकानात नव्या रबराचा वास आला आणि ते सगळं पुन्हा समोर आलं. स्नॉर्कलिंगचं ठरलं होतं, म्हणून विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती रोज नवा रबरी मास्क लावून, तोंडात नळी धरून, टबात डोकं बुडवून सराव करायची. मला मात्र पोहता येत नव्हतं; पोरगी समुद्रात तरंगतेय या कल्पनेनेच माझी छाती दडपायची. एका रविवारी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत मेहुण्याने विचारलं, “क्यों जीजाजी, बुकिंग झालं का?” मी म्हणालो, “कसलं बुकिंग! हिला पाण्याची भीती वाटते ना.” “अरे, ही तर डरपोक निघाली!” तो हसला. मास्क कपाळावर सरकवून ती माझ्याकडे पाहत राहिली. पुढे तेच वाक्य ती स्वतःबद्दल सांगू लागली आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. काल कॉलेजच्या मैत्रिणीला गोव्याच्या सहलीसाठी फोनवर नकार देतानाही तिने तेच कारण दिलं. तिने फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “बेटा, तू कधीच घाबरली नव्हतीस. घाबरलो होतो मी, आणि नाव तुझं सांगितलं. मला माफ कर.”