बाराशे चौदा पॅकेजं

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाती एकच काम उरलं होतं: डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या विहारात जी अभ्यासिका आहे, तिची किल्ली. सकाळी उघडायची, पोरांना गप्प बसवायचं. हे त्यांना छान जमायचं, कारण ते स्वतःच पंचवीस वर्षं गप्प होते.

२००८ साली अभ्यासिकेला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला. त्यावर परीक्षेच्या फॉर्मची साईट उघडेना, सिस्टीम अपग्रेड करायला हवी होती. सोमवारी मुली फॉर्म भरायला येणार. कमिटीचे भिवाकाका अण्णांना म्हणाले, "रामदास, रविवारपर्यंत झालं तर झालं. नायतर किल्ली दे, कोणीतरी शिकलेला बसवू." काका मनाने वाईट नाहीत, जिभेने आहेत.

मी अण्णांना कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. पहिली टाइप केली की डाउनलोड सुरू. दुसरी, फारच अडकलं तर उतरलेलं सगळं साफ करायची. हा शहाणपणा माझाच. बाराशे चौदा पॅकेजं, म्हणजे नव्या सिस्टीमचे सुटे तुकडे, नेटवरून उतरायची होती, आणि गिरणीच्या जागेवर टॉवरचं खोदकाम निघाल्यापासून आमची इंटरनेटची लाईन दिवसातून चार वेळा तुटायची.

शनिवारी दुपारी बँक सुटल्यावर डबा घेऊन गेले. स्क्रीनवर सदतीस.

"तीन दिवसांत सदतीस?"

"काल नऊशेवर गेलं होतं. तुटलं."

"मग?"

"मग साफ केलं. पहिल्यापासून लावलं."

असं त्यांनी अकरा वेळा केलं होतं. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, एकोणीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढलीत ना? धागा तुटला की गाठ मारून पुढे जायचात, की अख्खी बॉबिन फेकायचात?"

"ते सूत होतं," अण्णा म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. "बाकी सगळं पहिल्यापासूनच लागतं."

मला कळलं ते कुठून बोलतायत. त्र्याऐंशी साली, संप विरत चालला तेव्हा, गिरणीचं पत्र आलं म्हणून ते गेटवर गेले. टेबलावरच्या माणसाने कागद पुढे केला: नवीन भरती म्हणून सही कर, आधीची सर्व्हिस धरणार नाही. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि घरी आले. आई दोन दिवस ओरडत होती. मी पाचवीत होते. सही केली असती तर घर चाललं असतं, याचा मला अजून राग येतो. आणि केली असती तर कदाचित त्याचाही आला असता.

दोनशे बारावर लाईन पुन्हा गेली. अण्णांचा हात कागदाकडे वळला, मी धरला. लाईन आल्यावर पहिलीच ओळ पुन्हा दिली. स्क्रीनवर आलं: एक हजार दोन बाकी.

अण्णांनी चष्मा चढवला. "आधीचं धरलं?"

"धरलं."

"नवीन सही-बिही?"

"काही नाही."

मग पेन काढून त्यांनी कागदावरची दुसरी ओळ खोडली.

रविवारी दोनच्या सुमारास काम संपलं, किल्ली त्यांच्याकडेच राहिली. तोवर लाईन आणखी पाच वेळा तुटली. आकडा त्यांना वाचता येत होता. तरी दर वेळी ते मान वर करून विचारायचे, "आधीचं धरलं ना?" आणि गेटवर त्या दिवशी कुणीच जे म्हटलं नव्हतं, ते मी पाचही वेळा म्हटलं.

"धरलं, अण्णा."