ही शाई आपली नाई

भावाचा फोन आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. "ताई, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. चामोर्शीला पोहोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. त्यांतले कितीतरी तिचे विद्यार्थी, काही तर स्वतःच आजोबा झालेले. पुढे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात लोक बोलले. कुणी तिला कडक म्हणालं, कुणी शिस्तीची. ते खोटं नव्हतं. पण मला जी यमुना आत्या आठवते, ती कडक नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेली असूनही तिनं जे केलं, ते त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? ते पाहणाऱ्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची, देवाजींची, मोठी बहीण. बाबा एटापल्लीला जंगलखात्याच्या लाकूड डेपोवर कामाला होते. तिकडे माझं शिक्षण धड होईना, म्हणून त्यांनी मला पाचवीपासून चामोर्शीला आत्याकडे ठेवलं. आत्याचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला होता आणि ती गावात प्राथमिक शाळेवर शिकवत होती. आजोबा दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवणारे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर या थोरल्या मुलीला शाळेत घातलं. तिचं सगळं शिक्षण पाटी-पेन्सिलीवर आणि मागून आणलेल्या बोरूवर झालं. स्वतःचा शाईचा पेन हातात आला तो ट्रेनिंगला गेल्यावर. तेव्हापासून तिला शाईचा जो नाद लागला तो लागलाच. घरात देवळीत कधीकाळी देव असतील, आमच्या देवळीत दौती होत्या. रॉयल ब्लू, ब्लू ब्लॅक, काळी, लाल आणि एक मोरपंखी. नवी शाई आणली की ती पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायची आणि प्रत्येकीवर त्या दिवशीची भाजी लिहायची. 'भाजी वांग्याची.' 'भाजी कोहळ्याची.' एक पट्टी उन्हात, एक सावलीत, एकीवर पाण्याचा थेंब. "रॉयल ब्लू पान्यानं पळून जाते. ब्लू ब्लॅक लिहितानी निळी, मंग काळी होते. मोरपंखी दिसाले लय गोड, पन वर्षभरात उडते," असं ती मला सांगायची. शेजारच्या बाया हसत. "काय व यमुनाबाई, भाजी रांधून राह्यली का लिहून राह्यली?"

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी दहावीला होते. बोर्डाच्या परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला अर्ध्यात माझ्या पेनातली शाई संपली. पेन झटकला, निब चाटली, काही उपयोग नाही. वर्गावर वैरागडे सर होते. नव्यानंच लागलेले, हंगामी नोकरीतले, अंगानं किडकिडीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून ते "थांब" म्हणाले, वर्ग सोडून शेजारच्या शिक्षकांच्या खोलीत गेले, तिथली दौत घेऊन आले आणि स्वतः माझ्या पेनात शाई ओतून गेले. मी पेपर पुरा केला. चांगला गेला होता. उड्या मारतच घरी आले. आत्यानं पेपर कसा गेला ते विचारायच्या आधी माझा हात हातात घेतला, बोटावरचा डाग पाहिला आणि म्हणाली, "ही शाई आपली नाई. हिरवट मारते. कोनं देली?" मी सांगितलं. "बरं झालं बाप्पा, देवमाणूस भेटला," एवढं म्हणून तिनं विषय सोडला.

जूनमध्ये निकाल लागला. साऱ्यांचा आला, माझा राखून ठेवला होता. मुख्याध्यापकांनी आत्याला बोलावून सांगितलं, की उत्तरपत्रिकेचा अर्धा भाग एका शाईत आहे आणि पुढचा अर्धा दुसऱ्याच. तो भाग नंतर बाहेर बसून लिहून जोडला असावा, असा तपासणाऱ्यांना संशय आहे. चौकशी होईल, आणि सिद्ध झालं तर परीक्षाच रद्द, आणि पुढची काही वर्षं बसताही येणार नाही. "पण सरांनी शाई दिली होती!" मी ओरडले. मुख्याध्यापक आमच्याकडे न बघता म्हणाले, "वैरागडेंना लेखी विचारलं. मी कुणालाही शाई दिली नाही, असं त्यांनी कळवलंय."

परीक्षा चालू असताना वर्ग सोडून जाणं हा सरांचा गुन्हा होता, हे मला फार नंतर उमगलं. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीनं सगळं पाहिलं होतं. आम्ही तिच्या घरी गेलो. तिचा बाप दारातच उभा राहिला. "यमुनाबाई, हात जोडतो. माह्या पोरीचा निकाल कसाबसा आला हाये, तिले यात नोका ओढू." गावात कुजबुज सुरू झाली. पाणी भरायला गेले की बोलणं थांबायचं. कुणीतरी म्हणालं, "सायन्सचा पेपर इतका चांगला लिहिला, म्हणून तर संशय आला." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. पुढचं, न बोललेलं, आत्यानं बरोबर ऐकलं. घरी येऊन ती चुलीसमोर बसून राहिली... तवा तापून धूर निघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्ट्या कापायला घेतल्या.

तिचं म्हणणं साधं होतं. त्या दिवशी माझ्या बोटावर जो हिरवट काळा रंग होता, तो बाजारातल्या कोणत्याच शाईचा नाही. तो कुठून येतो ते सापडलं, तर शाई शाळेतलीच होती हे दाखवता येईल. शिक्षकांच्या खोलीत शाईच्या गोळ्या पाण्यात विरघळवून दौत भरत, हे तिला ठाऊक होतं. दौत तोवर धुऊन ठेवलेली होती, पण गोळ्या दुकानात मिळत होत्या. तिनं त्या आणल्या. आमच्या विहिरीच्या पाण्यात एक घोळ, उकळलेल्या पाण्यात एक. दोन्ही निळेच राहिले. मग चामोर्शीच्या दुकानांतली, आठवडी बाजारातली, जाऊन-येऊन गडचिरोलीची, जी मिळेल ती शाई तिनं आणली. माझ्याच पेनात आधी पेपरच्या दिवशी होती ती रॉयल ब्लू भरून संपवायची, मग न धुता वरून दुसरी भरायची, पट्टीवर लिहायचं आणि वाळत टाकायचं. ओसरीत दोरीवर कपड्यांच्या जागी पट्ट्या लटकल्या. मला जेवण जात नव्हतं. मी दिवसभर त्या दोरीखाली बसून रंग बदलतात का ते पाहत राहायची. निळा, काळपट निळा, पुन्हा निळा... चौकशीचा दिवस जवळ येत होता आणि हिरवा काही दिसत नव्हता.

एका सकाळी आत्या शाळेच्या आवारातल्या हापशीवरून तांब्याभर पाणी घेऊन आली. त्या हापशीचं पाणी लोखंडाच्या चवीचं, भात शिजवला तर लालसर व्हायचा. त्यात गोळी विरघळवली, पट्टीवर लिहिलं 'भाजी तरोट्याची', आणि संध्याकाळपर्यंत ती अक्षरं हिरवट काळी झाली. तोच रंग! मी ओरडून आत्याच्या गळ्यात पडले. ती हसली नाही. "चार दिस जाऊ दे," म्हणाली.

त्या चार दिवसांतच घात झाला. बाबा एटापल्लीहून आले होते. पट्ट्या काढताना आत्या एका पट्टीपाशी थबकली. गडचिरोलीहून आणलेल्या साध्या ब्लू ब्लॅकची पट्टी, 'भाजी काटवलाची'. ती हळूहळू रंग बदलत गेली होती आणि आता हापशीच्या पाण्याच्या पट्टीशेजारी धरली तर दोघींत फरक सांगता येत नव्हता. म्हणजे तसा रंग दुकानातल्या शाईनंही येत होता. म्हणजे ती शाई मला घरीही भरता आली असती.

"ही पट्टी चुलीत टाक बाई," बाबा म्हणाले.

"नाई."

"अवं, तुले कोन विचारनार हाये? बाकीच्या दाखव ना. ही एक घरी राहू दे."

"देवाजी, मी पट्ट्या कायले केल्या? खरं का हाये ते पाहाले. आता पाह्यलं, तं लपवू?"

"पोरीचं आयुष्य हाये ते!" बाबांचा आवाज फाटला. त्यांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. आत्याही रडत होती, पण तिनं ती पट्टी बाकीच्या पट्ट्यांत ठेवून वर दोरा बांधला. मला तिचा राग आला, इतका की त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. मला वाटलं, माझ्यापेक्षा हिला हिची शाई प्यारी.

चौकशी चंद्रपूरला होती. गडचिरोली, मूल करत एसटीनं जाताना आम्ही तिघं तीन अनोळखी माणसांसारखे बसलो होतो. कचेरीतल्या खोलीत टेबलामागे तीन साहेब, समोर माझी उत्तरपत्रिका, आणि भिंतीशी बाकावर वैरागडे सर. त्यांना पुन्हा विचारलं गेलं. "मी कुणालाही शाई दिली नाही," ते खाली फरशीकडे पाहत म्हणाले. आत्यानं पदर सावरला, पुढं होऊन पट्ट्या टेबलावर मांडल्या.

मधल्या साहेबांनी एक उचलली आणि मोठ्यानं वाचली, "भाजी तरोट्याची... हे काय आहे, बाई?"

कुणीतरी हसू दाबलं. आत्यानं सगळं समजावून सांगितलं. गोळ्या, पाणी, हापशी, आधीची शाई. साहेबांनी पट्ट्या उत्तरपत्रिकेला लावून पाहिल्या. विहिरीच्या पाण्याची जुळेना, बाजारातली जुळेना. हापशीच्या पाण्याची जुळली. त्यांची मान हलली. "म्हणजे शाई शाळेतलीच होती, असं तुमचं म्हणणं. आणि ते दिसतंय खरं." बाबांनी माझा खांदा घट्ट धरला. इथं ती थांबली असती तर संपलं होतं.

"थांबा साहेब," आत्या म्हणाली. "आनखीन एक हाये." आणि तिनं काटवलाची पट्टी पुढं सरकवली.

साहेबांनी ती लावून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढला. "ही तर दुकानातली शाई आहे, आणि हीसुद्धा जुळते. मग या सगळ्यानं सिद्ध काय झालं?"

"काई नाई झालं, साहेब." आत्याचा आवाज कापत होता. "लय दिवस मेहनत केली, पन शाई कुठून आली ते शाई सांगू शकत नाई. ज्यानं देली त्यालेच सांगा लागते."

ती सरांकडे पाहतही नव्हती. साहेबांनी पेन उघडला, काही लिहायला घेतलं... आणि बाकावरून कुणीतरी उठल्याचा आवाज आला.

"साहेब, मीच देली शाई," वैरागडे सर म्हणाले. "वर्ग सोडून गेलो होतो. नोकरी जाईल म्हणून खोटं लिहून देलं. पोरीनं काई केलं नाई."

परतीच्या एसटीत ते पुढच्या बाकावर एकटे बसले होते. आत्या आमच्यातून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मूल आल्यावर तिनं डबा उघडला, अर्धी भाकर त्यांच्या हातावर ठेवली. ते खाता खाता खिडकीकडे तोंड करून रडत होते, एवढं मला मागून दिसलं.

काही आठवड्यांनी माझा निकाल आला. पहिल्या वर्गात पास झाले होते. सरांची नेमणूक मात्र पुढच्या वर्षी झाली नाही. ते गडचांदूरकडे निघून गेले, तिथं एका सिमेंट कारखान्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. आत्या दरवर्षी नवीन धान निघालं की तांदळाची पिशवी घेऊन त्यांच्या घरी जायची. एकदा मलाही नेलं. सरांच्या बायकोनं चहा दिला, पण आमच्याशी फारशी बोलली नाही. आणि का बोलावं तिनं? बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "तुह्या निकालाचा आनंद कर, पन या घराले विसरू नोको."

मी शिक्षिका झाल्यावर एकदा तिला धीर करून विचारलं, सर उठले नसते तर? "तं तुह्यं नुकसान झालं असतं," ती म्हणाली. "मी तुह्यासंगं रडली असती. पन तुह्यापुढं खाली मान घालून नसती बसली." ती हे सहज म्हणाली नाही. म्हणताना तिचा हात मांडीवर एकसारखा फिरत होता. एवढी वर्षं झाली तरी तो प्रसंग तिच्या अंगातून गेलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं... कडक म्हणणाऱ्यांना हे कसं सांगावं?

परवा आम्ही तिची पेटी उघडली. तिच्या साड्या नात्यातल्या बायांना वाटायच्या होत्या. दोन साड्या सारख्याच दिसत होत्या, एक पांढरी आणि एक मोतिया, पण कोणती कोणती ते खोलीतल्या दिव्यात ओळखू येईना. वहिनीनं एक उचलली, मी दुसरी, आणि कुणी काही न बोलता आम्ही दोघी पुढच्या दारात येऊन उभ्या राहिलो. आत्याची ही जन्माची सवय. साडी असो, तांदूळ असो, औषधाची बाटली असो, घरातल्या उजेडावर तिचा भरवसाच नव्हता, जे ते दारात नेऊन पाहायची. बाहेर लख्ख ऊन होतं. साड्यांचे पदर उन्हात धरून आम्ही उभ्या होतो. वहिनी मध्येच थांबली.

"पाह्य व ताई," ती म्हणाली, "आपुन इथी काऊन आलो?"

मोतिया साडी माझ्याच हातात होती. ती मी ठेवून घेतली.