दसरूभाऊ तोंड उघडतात

बल्लारपूरच्या एका ख्रिस्ती मंडळीत अजूनही अशी बोलवा आहे की घुग्घुसला एक पंक्चर जोडणारे म्हातारे विश्वासी आहेत आणि त्यांना देवदूतांची भाषा येते. डोळे मिटून आभाळाकडे तोंड केलं की त्यांच्या मुखातून माणसाला न कळणारे शब्द निघतात आणि गालांवरून घळाघळा पाणी वाहतं. मागच्या उन्हाळ्यात तिकडून एक नवरा-बायको मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना मागायला मोटारसायकलवर आले होते. दसरूभाऊंनी आधी त्यांच्या मागच्या चाकातला खिळा काढला, मग हात पुसून साध्या मराठीत चार वाक्यांची प्रार्थना केली. दोघं जरा नाराज होऊनच परत गेले.

खरं काय झालं होतं ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टिनाच्या चर्चमध्ये तीन दिवसांच्या सभा होत्या आणि बल्लारपूरहून पाहुणे आले होते. शेवटच्या दिवशी पाहुण्यांचं बोलणं इतकं लांबलं की दसरूभाऊ हळूच बाहेर जाऊन खर्रा तोंडात टाकून आले. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोटून केलेला हा भुगा आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी विचारतात. भाऊ बसतात न बसतात तोच पास्टरांनी समाप्तीच्या प्रार्थनेसाठी त्यांचं नाव घेतलं. चर्चमध्ये थुंकता येईना आणि गिळवेना. रस सांडू नये म्हणून त्यांनी हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि म्हणाले, “ओनी हे हिडही उहडा हे.”

कोणीतरी ती खिडकी उघडा रे, एवढंच ते म्हणत होते. खिडकी कोणी उघडली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, दरवेळी जास्त कळकळीनं, आणि शेवटी डोळ्यांना धार लागली. पाहुण्यांतल्या एक बाई उभ्या राहून अर्थ सांगू लागल्या की प्रभू या गावात मोठं काम करणार आहे. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. त्या गजरात दसरूभाऊ बाहेर पळाले, आणि तेही लोकांनी पवित्र आत्म्याच्या खाती जमा केलं.

मला ते वाक्य तिथल्या तिथे कळलं, कारण ती भाषा मी आधीच शिकले होते. सोपी आहे. क, ट, प सोडून द्यायचे, स्वर मात्र ठेवायचे, ओठ मिटल्यासारखे करायचे आणि छताकडे बघत बोलायचं. शाळेत माझ्या पास्टरांच्या नकलेला हसू येतं, रुखमाबाईंच्या नकलेला टाळ्या पडतात, पण दसरूभाऊंच्या नकलेला लोक पुन्हा करून दाखव म्हणतात.

रुखमाबाई म्हणजे त्यांच्या घरच्या. तीस वर्षं त्या नवऱ्याच्या दुभाषी आहेत. गिऱ्हाइकाला ट्यूब बदलावी लागेल हे त्या सांगतात, आणि मुलाच्या सोयरिकीच्या बैठकीत भाऊंनी हनुवटी वर करून एक लांब हुंकार दिला, तेव्हा ‘ह्यांले पोरगी पसंत हाय’ हेही त्यांनीच सांगितलं. भाऊ चर्चमध्ये आले तेही त्यांच्याच मागे. लग्नानंतर दर रविवारी बायकोला सायकलवर सोडायला यायचे आणि बाहेर सायकल धरून उभे राहायचे. एक पावसाळा तसा गेला. मग सायकल भिंतीला टेकवून दारात उभे राहू लागले, मग शेवटच्या बाकावर बसू लागले. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या पास्टरांनी दानिएल नाव सुचवलं होतं. दसऱ्याला जन्मलेल्या भाऊंनी नको म्हटलं. देवाले माह्यं नाव माहीत हाय, त्याले काऊन गोंधळात टाकाचं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची भक्तीही तशीच, हाताशी असलेली. दुकान म्हणजे कोळशाच्या रस्त्यावर एक टपरी, हवेची टाकी, लटकवलेले टायर आणि पाण्याचं एक घमेलं. खाणीतले आणि सिमेंटवाले शिफ्टच्या घाईत गाडी ढकलत आणतात. भाऊ ट्यूब काढतात, हवा भरतात, पाण्यात बुडवतात आणि दरवेळी पुटपुटतात, “दाखव बापा.” भोकातून बुडबुडे येतात. कोणी हसलं तर ते चिडत नाहीत. रोज पंधरा-वीस वेळा तो दाखवतो, मग एकदा विचारायला काय जातं, एवढंच म्हणतात.

तर हे सगळं ठीक चाललं होतं, फक्त भाऊंचं तोंड बंद होत चाललं होतं.

हे मी नकलेत म्हणत नाही. त्यांचं तोंड खरोखरच उघडेनासं झालं. भाकरीचा तुकडा लहान झाला, मग भाकरी जाऊन वरण-भात आला, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी पास्टर पावाचा तुकडा त्यांच्यापुरता आणखी मोडू लागले. रुखमाबाईंनी ओढत चंद्रपूरला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे त्यांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दीड गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून कर्करोग नाही, पण खर्रा चालू राहिला तर पुढे काहीही होऊ शकतं, आणि तोंड तर नक्कीच मिटेल. हे ऐकून भाऊंना इतका धक्का बसला की बसस्टँडवर येऊन त्यांनी एक खर्रा खाल्ला.

डॉक्टरांना जे जमलं नाही ते नातीनं केलं. चंदा तेव्हा दोन वर्षांची होती. मुलगा-सून कामावर जायचे, म्हणून ती दिवसभर आजोबांजवळ टायरवर बसायची. जानेवारीत ती बोलू लागली. घरात आनंद झाला, पण ऐकायला गेलं तर शब्दांत एकही व्यंजन नव्हतं. पाणी हवं असलं की पोरगी हनुवटी छताकडे करायची, ओठ मिटायची आणि नाकातून म्हणायची, “आई.” म्हणजे पाणी. बोलायचं असंच असतं, असं ती आजोबांकडून शिकली होती.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भलतंच हसू आलं. अशी तंतोतंत नक्कल मलाही कधी साधली नव्हती. दसरूभाऊ हसले नाहीत. ते उठून टपरीमागे गेले, तोंड रिकामं केलं, गुळणी केली आणि परत येऊन नातीसमोर उकिडवे बसले. जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडून म्हणाले, “पा-णी.” चंदानं छताकडे बघून उत्तर दिलं.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. गुड फ्रायडेला आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. कोणी कशावर बोलायचं ते चिठ्ठीनं ठरतं. दरवर्षी चिठ्ठ्यांचा डबा समोर आला की दसरूभाऊ तो जसाच्या तसा शेजाऱ्याकडे सरकवायचे. त्या वर्षी त्यांनी हात घातला. चिठ्ठी निघाली पाचव्या उद्गाराची, ‘मला तहान लागली आहे’ याची. मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यात मीही होते.

बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा लेंटचा उपासकाळ लागला की, खर्रा बंद आणि गुड फ्रायडेला स्वतःच्या तोंडानं बोलणार, असं ते म्हणाले. मला तर अर्धंच कळलं असं मी त्यांच्याच आवाजात सांगितलं.

“शर्त लावतं का, दीपे?” ते म्हणाले.

मी लावली. मध्येच त्यांनी खर्रा खाल्ला तर ईस्टरच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर त्यांची नक्कल करायची मला मुभा, आणि भाऊंनी पहिल्या रांगेत बसून ती बघायची. मी हरले तर काय, ते त्यांनी विचार करून सांगितलं.

“तू कधी तुह्या आवाजात प्रार्थना केली नाईस. पास्टरच्या आवाजात करतं, नाई तं माह्या बायकोच्या. हारली तं ईस्टरले उभी राह्य आन तुह्या आवाजात कर.”

मी लगेच हो म्हटलं. जिंकणार मीच होते. रुखमाबाईंनी मात्र आम्हां दोघांनाही झापलं. लेंटवर कोणी शर्त लावतं का, देव काय झुंजीचा कोंबडा हाय का, असं बरंच काही बोलल्या, आणि शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं की तुले काय वाटते, जमन का ह्यांले. मी नाही म्हटलं. मलेबी नाई वाटत, त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी भाऊंच्या खिशात बडीशेपेची पुडी ठेवायला सुरुवात केली.

पहिला आठवडा गिऱ्हाइकांनी भोगला. भाऊ एक पंक्चर जोडताना दुसरं करायचे. डॉक्टरांनी तोंडाचा व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. काड्या पुरवायचं काम माझ्याकडे आलं. ज्याच्याविरुद्ध शर्त लावली त्याच्यासाठी मी कुल्फ्या खात होते. काड्या तोंडात असताना भाऊ जे बोलायचे ते खर्ऱ्यापेक्षा वाईट ऐकू यायचं. मी तीही नक्कल बसवली.

दोन आठवडे गेले, तिसरा निम्मा गेला तरी भाऊ टिकून होते. शेवटी मी पास्टरांकडून एक माहिती काढली आणि रविवारी चर्च सुटल्यावर टपरीवर जाऊन अगदी पास्टरांच्या आवाजात दसरूभाऊंना सांगितली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात सेहेचाळीस, तरी आपण चाळीसच म्हणतो, कारण रविवार उपासात मोजत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा दिवस. म्हणजे प्रिय बंधू, आज सूट आहे.

भाऊंनी हातातली ट्यूब खाली ठेवली. समोर खाणीतला एक जण गाडी लावून उभा होता. त्यानं हे ऐकलं आणि पन्नीतला ताजा घोटलेला खर्रा पुढे केला. भाऊंनी तो घेतला. पन्नी उघडली. वास माझ्यापर्यंत आला. टायरवर बसलेल्या चंदानं वास ओळखला, हनुवटी वर केली, ओठ मिटले आणि तयार होऊन बसली, जसं काही आता बोलण्याची वेळ झाली.

भाऊंचा हात घमेल्यावर होता. तो उलटा झाला. सगळा भुगा पाण्यात पडला आणि पाणी हळूहळू तांबूस झालं.

“तू सैतानाची नक्कल करून राह्यली का?” त्यांनी मला विचारलं. आवाज चढला नव्हता. “बरी जमते तुले.”

खाणवाला आपल्या खर्ऱ्याकडे बघून हळहळला. घमेलं धुवायला पाणी आणायचं होतं, पण रांग लागली होती, म्हणून त्या दिवशी ज्याची ज्याची ट्यूब तपासली, ती सुपारीचा वास घेऊन घरी गेली. मीही गेले. रस्त्यात मी पास्टरांचा आवाज काढून बघितला, पण तो त्या दिवशी मला गोड लागला नाही.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन टिनाखाली ऊन नुसतं ओतत होतं. चौथा उद्गार संपला आणि दसरूभाऊ उठले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कागद नाही. रुखमाबाई सवयीनं अर्ध्या उठल्या, दुभाषाचं काम करायला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आणि बसल्या. भाऊंनी हनुवटी खालीच ठेवली. त्या दिवशी त्यांचं तोंड दोन बोटं उघडत होतं, जास्त नाही, पण दोन बोटांतून माणसाला हवं तेवढं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

ते म्हणाले, “मले वाटे तलफ काय असते थे देवाले कुठी समजते. त्याले काय, तो देव. मंग हा उतारा वाचला. त्याच्याबी तोंडाले कोरड पडली होती. त्यानं सरळ मांगतलं. ज्याहीनं मारलं त्याह्यलेच मांगतलं, लाजला नाई. मी बायकोले तीस वर्सांत कधी म्हटलं नाई का माह्याच्यानं हे सुटत नाई, मदत कर. आता म्हटलं. मले एवढंच बोलाचं होतं.”

आणि बसले. दीड मिनिटही झालं नसेल. रुखमाबाई पदरानं तोंडावरचा घाम पुसत होत्या. बराच घाम होता. सुनेच्या मांडीवरून चंदा आजोबांकडे बघत होती. मग तिनं तोंड चांगलं वासलं आणि पूर्ण चर्चला ऐकू जाईल असं म्हणाली, “पाणी.”

सहावा उद्गार सुरू व्हायला थोडा वेळ लागला. आधी तिला पाणी द्यावं लागलं.

ईस्टरला सकाळच्या उपासनेत पास्टरांनी विचारलं, कोणी प्रार्थना करेल का. दसरूभाऊंनी मागे वळून बघितलंही नाही, नुसता घसा खाकरला. मी उभी राहिले. पास्टरांचा आवाज जिभेवर तयार होता, रुखमाबाईंचा तयार होता, अगदी बल्लारपूरच्या त्या बाईंचाही होता. त्या सगळ्यांना बाजूला सारलं तर मागे काहीच सापडेना. पंखा फिरत होता. लोक डोळे मिटून वाट बघत होते.

पुढच्या बाकावरून दसरूभाऊ हलकेच म्हणाले, “आधी तोंडातलं थुकून ये, मंग बोल.”

लोक हसले. त्या हसण्यातच माझी सुरुवात झाली. आवाज बारीक होता, थोडा फाटका, मला अनोळखी. मी देवाला म्हटलं की भाऊंचं तोंड आणखी एक बोट उघडू दे, आणि त्या रविवारी मी जे केलं त्याची माफी असू दे. आणखी काही सुचलं नाही. मी “आमेन” म्हटलं आणि ते मात्र हुबेहूब रुखमाबाईंचं निघालं, शेवटच्या लांब सुरासकट. आख्खी मंडळी वळून आधी त्यांच्याकडे बघायला लागली.

बाहेर आल्यावर मी स्वतःच कबूल केलं की आमेन चुकलं, म्हणजे शर्त पुरती फिटली नाही, परत करावी लागेल. दसरूभाऊ चंदाला खांद्यावर घेऊन सायकलचं कुलूप काढत होते.

“राहू दे,” ते म्हणाले. “आज रविवार हाय. रविवार मोजत नाईत.”