चक्कीचे दगड

यवतच्या पुढं कालव्याला एका ठिकाणी उतार होता. पाणी पुरुषभर उंचीवरून खाली पडायचं आणि त्या पाण्यावर आमची चक्की चालायची. खाली लोखंडी पात्यांचं चाक, वरच्या खोलीत दोन मोठे दगड. इंजिन नाही की वीज नाही. आजोबांनी ती सुरू केली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चालवली. कालव्याला पाणी असेपर्यंत दळण. पाणी बंद झालं की आबा वरचा दगड उलटा करून त्याला टाकी लावत बसायचे. झिजलेल्या रेघा छिन्नीनं पुन्हा खोल करायच्या, एवढंच ते काम. पण त्या वेळी त्यांना कुणी हाक मारलेली खपत नसे.

गावात विजेच्या गिरण्या आल्या तरी म्हाताऱ्या बायका आमच्याकडेच यायच्या. इथलं पीठ गरम होत नाही, भाकरी थापताना चिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर त्या निम्म्या गप्पांसाठी यायच्या. आबा बोलण्यात रंगले की शेळी पिठात तोंड घालायची. मग आई म्हणायची, आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय, आपल्यात तेवढी शेळी हाय. पुढं आई गेली. त्या बायकाही एकेक करून गेल्या. तरी पाणी सुटलं की आबा ज्वारीची एखादी पायली घेऊन चक्कीवर जायचेच.

मग कालव्याचं काम निघालं. उतार काढून तिथं पाइप टाकायचं ठरलं आणि चक्की पाडावी लागणार हे उघड झालं. आबा भांडले नाहीत. मला मात्र भयंकर राग आला, त्यांच्या न भांडण्याचाच जास्त. पाणी सरकारचं, जागाही सरकारची, मग भांडायचं कुणाशी, असं ते म्हणाले. त्यांना घोर होता तो फक्त दगडांचा. ते मशीनखाली फुटू नयेत, कुठंतरी नीट राहावेत. त्यांनी चार गावांत विचारून पाहिलं. पण एवढे दगड आता कुणाला हवेत? देवळातल्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं. आमच्या घरासमोर तर भावाची पिकअपच जेमतेम उभी राहते.

शेवटी भावानंच मार्ग काढला. हायवेवर एक नवीन ढाबा होत होता. मालक म्हणाला, दगड द्या, दर्शनी भागात ठेवतो, लोकांना जुनं काही बघायला मिळेल. आबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. दगड टेम्पोत चढवताना त्यांनी दोन्हींना हळदकुंकू लावलं.

“भाकरीपाशी ऱ्हातील,” ते मला म्हणाले. “बरं झालं.”

माझं सासर तळेगाव ढमढेरेचं, त्यामुळं तो ढाबा मी पाहिलाच नव्हता. परवा पुण्याला आबांचे डोळे दाखवून परत येताना मीच हौसेनं म्हटलं, चला, तुमचे दगड बघू आणि जेवूनच जाऊ. आबांनी टोपी नीट केली. दर्शनी भागात बैलगाडीचं चाक होतं, कंदील होते, दगड नव्हते. आत असतील म्हणून आम्ही शेडमध्ये एका गोल टेबलाशी बसलो. टेबलाच्या मधोमध भोक होतं आणि त्यात रंगीत छत्रीचा दांडा रोवलेला होता. ताटं आली. आबांनी ताट जवळ ओढलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. बोटं ताटाखालच्या रेघांवरून हळूहळू फिरत राहिली. ज्या भोकात ते ओंजळीनं दाणे सोडायचे, त्यातच ती छत्री होती. रेघांमध्ये आधीच्या कुणाची तरी आमटी वाळली होती.

त्यांनी ताट उचलून मांडीवर घेतलं.

“जात्यावर उष्टं ठिवत न्हाईत, पोरी.”

मीही माझं ताट उचललं. उठून मालकाकडं गेले. माणूस वाईट नव्हता. कौतुकानं म्हणाला, ताई, सगळे याच टेबलावर फोटो काढतात. दगड परत मिळतील का, असं मी विचारलं तर म्हणाला, आता दोन्ही सिमेंटमध्ये बसवलेत, काढायला गेलं तर फुटतील.

मी परत आले तेव्हा आबा पंच्याचं टोक ओलं करून दगड पुसत होते. नखानं एकेक रेघ मोकळी करत होते. पुण्याकडचं एक कुटुंब टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभं होतं. आबा बाजूला झाले तशी ती मंडळी बसली. त्यातले गृहस्थ आबांना म्हणाले, “मामा, पाण्याचा जग पण आणा.”

मी तोंड उघडणार होते. आबांनी माझा दंड धरला आणि मान हलवली. मग ते काउंटरपर्यंत गेले आणि भरलेला जग घेऊन आले. टेबलावर भरपूर जागा होती. तरी त्यांनी वाकून तो त्या गृहस्थांच्या पायाशी, खाली फरशीवर ठेवला.

“अहो, खाली काय ठेवता?” असं म्हणत त्या गृहस्थांनी तो उचलला आणि दगडावर ठेवला.