प्रकाश टाकणारा मुकुंदा

नाटक कंपनीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. पडद्यांच्या घड्यांत, पेटाऱ्यात, टेम्पोच्या टपावर ते आपोआप साचत जातात. मी नवेगाव बांधच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रांचा, हंगाम संपला की आम्ही तलावाच्या पाळीवर चहा पीत बसतो आणि एकमेकांचे किस्से काढतो. हसतो खूप. आमच्या लाइटवाल्या मुकुंदाचे किस्से मात्र असे, की हसता हसता बोलणंच बंद होतं.

*

एकदा इटियाडोहकडच्या एका गावात प्रयोग होता. शेवटचा अंक. हिरोईन लताबाई नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतेय, मी ऑर्गनवर जीव ओततोय, आणि अचानक स्टेजवर काळोख! मुकुंदानं फोकस उचलून पब्लिकवर वळवला होता. एकेका चेहऱ्यावरून फिरवत होता, सावकाश.

आमचे लेखक-दिग्दर्शक भाऊराव विंगेतून ओरडले, "अबे, लताबाई इकडं मरून रायली, अन् तू फोकस कोनाले मारून रायला?"

"लताबाई त रोजच मरते जी!" मुकुंदा म्हणाला.

मग भाऊराव विंगेत मागे सरकले. का, ते कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. मुकुंदाची एकुलती पोरगी शेवंता, फार गोड गळ्याची. गावात गाणी म्हणत आलेल्या जंगलवाल्यांबरोबर, म्हणजे नक्षल्यांबरोबर, ती एक दिवस निघून गेली, ती परत आलीच नाही. मंडईच्या नाटकाला जंगलातली माणसंही साध्या कपड्यांत येऊन बसतात, असं लोक म्हणतात. खरंखोटं देव जाणे. मुकुंदा मात्र प्रत्येक प्रयोगात एकदा पब्लिक बघून घेतो.

*

जंगलात गेलेल्याला आमच्याकडे 'भीतर गेला' म्हणतात. नव्यानं बदलून आलेल्या पोलीस साहेबाला हे कुठून ठाऊक असणार? तो चौकशीला मुकुंदाच्या दारात आला.

"मुलगी कुठे आहे?"

"भीतर हाये."

साहेब भला माणूस. बूट काढून घरात गेला, चुलीपाशी बघितलं, परसात डोकावला आणि बाहेर आला. "आत तर कोणीच नाही!"

मुकुंदा म्हणाला, "सापडली त मलेबी सांगा साहेब."

हा किस्सा तालमीत सांगितला तेव्हा सगळे खो-खो हसले. मुकुंदाही हसला. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

*

मग आली पुरस्काराची भानगड. नागपूरच्या एका संस्थेची जाहिरात पेपरात आली होती : 'संघर्षग्रस्त भागातील मानवी प्रश्नांवर प्रकाश टाकणाऱ्या कलावंतासाठी पुरस्कार.' भाऊरावांनी ती तालमीत मोठ्यानं वाचली, घसा खाकरला आणि आमच्याकडे आशेनं बघत बसले.

लताबाई म्हणाली, "यात का विचार कराचा? प्रकाश त आपला मुकुंदाच टाकते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी थट्टा करत नव्हतं बरं का! लाइटवाल्यांसाठीही एखादा पुरस्कार निघाला, याचाच आम्हाला आनंद झाला होता.

"मंग मी येवढे नाटकं लिवून का अंधार पाडला?" भाऊराव भडकले.

पण नाव त्यांनीच पाठवलं, मुकुंदाचं. तोंडाचा फाटका असला तरी माणूस मनानं मोठा.

*

निवड समितीच्या एक मॅडम गावात आल्या. "तुमचा संघर्ष सांगा ना," त्या म्हणाल्या.

"लाइन घडीघडी जाते जी."

"अजून काही?"

"व्होल्टेज कमी रायते."

"अंधाराशी झुंज!" म्हणत मॅडम भारावून गेल्या. माझं डोकं सणकलं. या माणसाच्या छातीत काय जळतंय आणि ही बाई काय ऐकतेय!

मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही म्हणे प्रेक्षकांवरही लाइट टाकता. ते कशाला?"

मुकुंदानं सांगितलं. आवाज न चढवता, इकडची तिकडची एक गोष्ट न घालता. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुरस्कार मुकुंदालाच मिळाला.

*

समारंभाला मुकुंदा आमच्या खलनायकाचा कोट घालून बसला होता, शेजारी मी. निवेदक म्हणाला, "कार्यक्रम लाइव्ह सुरू आहे, मोबाइलवर कुठूनही बघता येतो."

मुकुंदानं मला कोपरानं ढोसलं. "जंगलातबी दिसते का?"

"रेंज असली तर दिसेल," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. निवेदकानं माइक पुढे केला. "आपल्या भागातल्या मानवी प्रश्नांवर दोन शब्द बोला."

मुकुंदानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"शेवंता, मी बाबा बोलून रायलो. जेवली का वो माय?"

आणि तो तसाच उभा राहिला. मला समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. बराच वेळ गेला तसा निवेदक अवघडत पुढे आला आणि त्यानं माइक घ्यायला हात लावला.

मुकुंदानं माइक सोडला नाही.

"थांबा ना साहेब, तिले बोलू त द्या!"