तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या खुनात कोण आरोपी होता हे आठवायला मला डोकं खाजवावं लागतं. पण कोलकात्याच्या बेहाला भागातलं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यातली बहुतेक माणसं हयात आहेत, म्हणून कुणाचंही नाव देत नाही.

माझे आजोबा नोकरीनिमित्त कोलकात्यात आले आणि बागबाजारजवळ बिऱ्हाड करून राहिले. आम्ही मग तिथलेच झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. मराठ्यांची स्वारी अडवायला खणलेला खंदक एके काळी आमच्या भागातूनच सुरू व्हायचा. त्यामुळे कोलकाता पोलिसांत भरती झाल्यापासून सहकारी मला 'बर्गी' म्हणत. बंगालमध्ये मराठा घोडेस्वारांना हेच नाव होतं आणि अजूनही आया त्या नावाने पोरांना भीती घालतात. मी ते हसण्यावारी नेत असे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना बेहालाच्या बाजूच्या एका ठाण्यात प्रभारी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली.

जानेवारीचे दिवस होते. पहाटे इतकं धुकं पडायचं की ठाण्याच्या फाटकातून समोरचं चहाचं दुकान दिसत नसे. अशाच एका सकाळी उजाडता उजाडता एका बाईला मोटारीने उडवलं. ती एका नर्सिंग होममध्ये आया होती, रात्रपाळी संपवून पायी घरी चालली होती. गाडी थांबली नाही. भाजीवाल्यांनी तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. डोक्याला मार होता, मांडीचं हाड मोडलं होतं, शुद्ध नव्हती. चौकातल्या कॅमेऱ्यात धुक्यात विरघळलेले दोन दिवे तेवढे दिसत होते.

आम्ही गाडी शोधायला लागतोय तोच एक ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात हजर झाला. चाळिशीचा, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. गाडी परदेशी इंजिनिअरांना दिलेली होती. आमच्या हद्दीजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवण्याचं काम ते बघत. साहेबांना पहाटे एका पार्टीहून सोडून परतताना अपघात झाला, गाडीत मी एकटाच होतो, घाबरून पळालो, असं त्याने सांगितलं. गाडी दाखवली. पुढची काच फुटलेली, बॉनेट दबलेलं. पंचनामा झाला, गाडी जप्त झाली, त्याला अटक झाली. माझा सब-इन्स्पेक्टर खूश होता. गुन्हा नोंदवून दुपार व्हायच्या आत आरोपी कोठडीत, असं रोज घडत नाही.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. काय ते कळत नव्हतं.

त्या परदेशी पाहुण्यांची ठाण्यात आधीपासूनच ओळख होती. ते तिघे होते. एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांतले दोघे पन्नाशीकडे झुकलेले, त्या दोघांतला एक प्रमुख. तिसरा जेमतेम तिशीचा. ते थोरले दोघे पहिल्यांदा आले तेव्हा म्हणे फार उत्साहात होते. गल्लीतल्या पूजेच्या मांडवात नाचले होते, फोटो काढले होते. मग काम लांबत गेलं. सहा महिन्यांचं बोलून आणलेली माणसं दोन वर्षं अडकून पडली. प्रमुखाच्या बायकोने तिकडे घटस्फोटाचा अर्ज दिला होता, असं नंतर कळलं. हळूहळू त्यांना या शहराचं काहीच सहन होईना. गच्चीवरून बाटल्या फेकणं, पहारेकऱ्याच्या अंगावर धावून जाणं, कामवालीने डाळ सांडली म्हणून ताट तिच्या पायाशी भिरकावणं, अशा तक्रारी येत. पण घरमालक दुसऱ्या दिवशी येऊन हात जोडायचा, तक्रारदार मागे फिरायचा आणि आम्ही समज देऊन सोडायचो.

त्या दिवशी संध्याकाळी मी जबाब घ्यायला तिथे गेलो. प्रमुखाने मला दारातच उभं ठेवलं. ड्रायव्हरबद्दल वाईट वाटतं, कंपनीचा वकील त्याला मदत करील, असं तो म्हणाला. आपलं काम संपलं आहे, आपण लवकरच मायदेशी जाणार, हेही त्याने सांगितलं. तिसऱ्याला भेटायचंय म्हटल्यावर तो तापाने झोपला आहे, संसर्ग होईल, असं उत्तर आलं. मी परत आलो. वॉरंट नव्हतं आणि दारातून आत घुसावं असं काही हातातही नव्हतं. वरून फोनही आला होता: परदेशी नागरिक आहेत, वकिलातीचा संबंध येतो, पुराव्याशिवाय हात घालू नका. त्यात चुकीचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला न्यायालयात नेण्याची तयारी चालली असताना मला एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान बँकेत अधिकारी, बदलीवर कोलकात्यात आलेले. मराठी मंडळींच्या गणपतीत आमची ओळख झाली होती, मी त्यांना वहिनी म्हणत असे. त्या नेमक्या त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. आवाज दबलेला होता.

"दादा, वरचा तो तरुण मुलगा आहे ना, त्याला त्यांनी कोंडून ठेवलंय," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सावकाश सगळं सांगायला लावलं. तो तरुण त्यांच्याकडे येऊन जाऊन असे. बाजारात फिरून त्याने बऱ्यापैकी बंगाली उचललं होतं आणि वहिनींशी तो त्याच भाषेत बोले, कारण त्यांचं इंग्रजी त्याच्या उच्चारांपुढे टिकत नसे. त्या दिवशी संक्रांत होती आणि वहिनींनी सकाळीच नोलेन गुळाच्या, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाच्या, गुळपोळ्या केल्या होत्या. ताट घेऊन त्या वर गेल्या. प्रमुखाने दार हातभर उघडून ताट घेतलं आणि तो आजारी आहे म्हणून सांगितलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्या तरुणाचा आवाज आला. अगदी शांत, आभार मानल्यासारखा सूर. पण बंगालीत तो म्हणत होता की मला बाहेरून कुलूप लावलंय, फोन काढून घेतलाय, ठाण्यात कळवा आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका.

"मी हसले, जिना उतरले आणि लगेच तुम्हाला फोन लावला," वहिनी म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. दोन वर्षांत भाषेचा एक शब्द शिकावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मी वहिनींना दार लावून आत बसायला सांगितलं. दोन शिपाई साध्या कपड्यांत, बिनपाटीची जीप देऊन, इमारतीच्या फाटकावर पाठवले आणि ड्रायव्हरला माझ्या खोलीत बोलावलं. खरं तर लगेच निघायला हवं होतं. पण आत काय आहे, कोण कशासाठी कोंडतंय, हे न कळता दार फोडायला गेलो असतो तर त्या पोराच्या जिवावर बेतू शकलं असतं.

ड्रायव्हर समोर उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. आणि त्याला कप उचलताना बघत असताना कालपासून काय खुपतंय ते मला कळलं. अपघात करून आलेले किती तरी ड्रायव्हर मी पाहिले आहेत. दारुडे, उर्मट, रडणारे, सगळ्या तऱ्हेचे. पण त्यांतला प्रत्येक जण एक गोष्ट विचारतोच. काही जण घाबरून विचारतात, काही जण स्वतःची शिक्षा मोजण्यासाठी विचारतात. या माणसाने ती विचारली नव्हती.

"बाई कशी आहे, हे तू अजून एकदाही विचारलं नाहीस," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला.

"तू तिला पाहिलंच नाहीस. बरोबर?"

त्याने शर्टाची बाही सारखी केली. मी घाई केली नाही, पण माझं लक्ष फोनकडे होतं. फाटकावरच्या शिपायाचा कधीही फोन येईल अशी स्थिती होती. शेवटी मी त्याला विचारलं की कंपनीचा वकील आला का. तो आला नव्हता. जामीनदारही आला नव्हता. साहेब लोक देश सोडून चालले आहेत हे त्याला माहीत आहे का, असं विचारल्यावर त्याने मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं.

"बडोबाबू, ते मला बरोबर नेणार होते," तो म्हणाला. आमच्याकडे ठाण्याच्या प्रमुखाला असंच म्हणतात. "तिकडे नोकरी, पोरांना शाळा. सुटून आलास की तुझे कागद करतो, असा शब्द दिला होता."

मग तो सगळं बोलला. त्या पहाटे तो गाडीत नव्हताच. प्रमुख पिऊन स्वतः गाडी चालवत होता. बाकी दोघे गाडीत होते. घरी आल्यावर तरुणाने पोलिसांना कळवायचा हट्ट धरला, झटापट झाली, त्याला खोलीत ढकलून कुलूप लावलं. ड्रायव्हरला बोलावून घेतलं तेव्हा तो तरुण आतून दारावर धक्के मारत होता. आपण विमानात बसेपर्यंत त्याला आत ठेवायचं आणि मग घरमालकाला फोन करून सोडवायला सांगायचं, असं त्या दोघांचं ठरलं होतं, हे मात्र आम्हाला नंतर कळलं.

जबाबावर सही होते न होते तोच शिपायाचा फोन आला. दोघे सामान घेऊन खाली उतरत होते, भाड्याची गाडी दारात लागली होती.

मी वरिष्ठांना दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली. विमानतळावर कळवण्याचं त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि मला जायला सांगितलं. आम्ही पोहोचलो तेव्हा शिपायांनी भाड्याच्या गाडीपुढे जीप आडवी लावली होती आणि प्रमुख त्यांच्यावर ओरडत होता. गल्लीतली माणसं गोळा झाली होती. दोन वर्षांचा राग होता त्यांच्या मनात. कुणीतरी हातात वीट घेतलेली मी पाहिली. मी आधी त्या जमावाकडे वळलो आणि बंगालीत बजावलं की यांच्या केसालाही धक्का लागला तर माझी केस बुडेल आणि त्या बाईला न्याय मिळणार नाही. वीट घेतलेल्या माणसाने ती खाली टाकली. नोकरीतला तो क्षण मला सर्वांत अवघड गेला, कारण मनातून मी त्यांच्याच बाजूचा होतो.

प्रमुखाने मला धमकावलं. तुझी नोकरी घालवीन, मी कुणाला फोन करू शकतो हे तुला माहीत नाही, वगैरे. फोन करण्याचा हक्क तुम्हाला आहे, वकिलातीला आम्हीही कळवतो आहोत, पण आधी वरची किल्ली द्या, असं मी सांगितलं. त्याने दिली नाही. दुसऱ्याचा मात्र धीर सुटला. त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि पदपथावरच खाली बसला.

वरच्या खोलीचं कुलूप काढताना आतून काहीच आवाज येत नव्हता. दार उघडलं. तरुण भिंतीला टेकून बसला होता, ओठ फुटलेला, डोळा सुजलेला. त्याने मला पाहिलं, माझा गणवेश पाहिला आणि बंगालीतच विचारलं, "ती जिवंत आहे का?"

"आहे. अजून शुद्धीवर आलेली नाही," मी म्हणालो.

तो तोंड झाकून रडायला लागला.

प्रमुखाची चौकशी दिवसभर चालली. वकील आला, दुभाष्याची गरज नव्हती. पहिले काही तास तो नुसता चिडत होता. रक्ततपासणीचा उपयोग राहिलेला नाही, हे त्याला माहीत होतं. तेवढा वेळ त्याने आमच्याकडून काढून घेतलाच होता. पण ड्रायव्हर आणि तरुण या दोघांचे जबाब आणि पार्टीतल्या पाहुण्यांचे जबाब जुळल्यावर त्याचं अवसान गेलं. मी त्याला विचारलं की तुमच्या देशात असं घडलं असतं तर तुम्ही गाडी थांबवली असती का.

"थांबवली असती," तो लगेच म्हणाला. मग म्हणाला, "इथलं मला काही खरंच वाटत नाही. माझं आयुष्य तिकडे आहे. इथे मी फक्त दिवस ढकलतोय."

हे त्याने बचावासाठी सांगितलं नव्हतं. थकलेल्या माणसाने मनातलं बोलून टाकावं तसं तो बोलला. म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं.

बाई वाचली. पण तिचा पाय कायमचा अधू झाला आणि रुग्ण उचलायचं काम तिला पुन्हा करता आलं नाही. प्रमुखाचा पासपोर्ट न्यायालयाने जमा करून घेतला. खटला चालला, त्याला शिक्षा झाली. त्याच्या साथीदारालाही तरुणाला डांबून ठेवल्याबद्दल झाली. ड्रायव्हरवर खोटी माहिती दिल्याचा ठपका आला, मात्र साक्ष दिल्यामुळे तो थोडक्यात सुटला. तरुणाला मायदेशी जाण्याची परवानगी होती, तरी साक्ष होईपर्यंत तो कोलकात्यातच राहिला. शहरातल्या त्याच्या देशबांधवांनी त्याला बोलावणं बंद केलं; आपल्या माणसाला परक्या पोलिसांच्या हवाली करणारा, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. इस्पितळात तो त्या बाईला भेटायला जायचा. कोलकात्याला जीव लावणारा मुलगा होता तो, पण साक्ष झाल्यावर गेला आणि परत येणार नाही असं सांगूनच गेला. त्याचा भ्रमनिरास कोलकात्याबद्दलचा नव्हता. आपल्याबरोबर राहणारी, आपल्यासारखीच दिसणारी माणसं काय करू शकतात हे त्याने पाहिलं होतं, आणि मला वाटतं, गाडी निघून गेली तेव्हा आपणही आतच बसून होतो हे तो विसरू शकत नव्हता.

परमुलखात राहणारा माणूस बिघडतो तो एकाएकी नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. आपण इथे तात्पुरते आहोत, असं तो मनाशी म्हणायला लागतो. मग समोरची माणसंही त्याला तात्पुरती वाटू लागतात. कामवाली, पहारेकरी, रस्त्यावरून चालणारी बाई, कुणालाच चेहरा उरत नाही. गोरा असो, बंगाली असो, आपला मराठी असो, यातून कुणी सुटत नाही.

माझा मुलगा तेव्हा परदेशात नोकरीला होता. आमचं दर रविवारी बोलणं व्हायचं, बहुतेक वेळा इंग्रजी मिसळलेल्या मराठीत, हवापाण्याचं आणि जेवणाखाण्याचं. तिथली माणसं कशी माणूसघाणी आहेत, कधी एकदा परत येतो असं झालंय, असं त्याने त्याच सुमारास दोनदा सांगितलं होतं आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. शिक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यातल्या रविवारी मी त्याला विचारलं, "तुझ्या शेजारी कोण राहतं?"

"एक म्हातारे गृहस्थ आहेत," तो म्हणाला.

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही, बाबा," तो म्हणाला.

मी विषय वाढवला नाही. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला तेव्हा त्याने माझी तब्येत विचारायच्या आधी मला ते नाव सांगितलं.